दोन बैल की १०२४ कोंबड्या? महासंगणकाची गोष्ट, मुळापासून

मे २०२५ मध्ये एक बातमी आली. देशाच्या हवामानाचा अंदाज आजवर १२ किलोमीटरच्या चौकोनांत काढला जायचा, तो आता ६ किलोमीटरच्या चौकोनांत निघणार. या नव्या व्यवस्थेचं नाव ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’. ती तयार झाली पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत, आणि चालते तिथल्याच ‘अर्का’ नावाच्या महासंगणकावर. शेवटी नेहमीसारखा एक आकडा होता: ११.७७ पेटाफ्लॉप. अशा आकड्यावरून नजर घसरते आणि आपण खालच्या बातमीकडे जातो.

खरं तर इथेच थांबायला हवं. चौकोन निम्मा केला तर काम दुप्पट होईल, असं वाटतं. होतं आठपट. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे एका चौकोनाच्या जागी चार झाले. आणि तिसरी गोष्ट वेळेची. हवामानाचं गणित काही मिनिटांच्या उड्या घेत पुढे सरकतं. चौकोन लहान केला की उडीही लहान घ्यावी लागते, नाहीतर वारा एका उडीत अख्खा चौकोन ओलांडून जातो आणि गणित कोलमडतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. उंचीचे थर वाढवले तर आणखी जास्त. (खऱ्या जाळ्याचा आकार थोडा वेगळा असतो, पण समजायला चौकोन पुरे.)

मग आठपट वेगवान चिप आणायची की! अशी चिप कुणाकडेच नाही. महासंगणकाची सगळी गोष्ट या ‘नाही’पासून सुरू होते.

आधी तो आकडा

दशांश चिन्ह असलेल्या दोन संख्यांची एक बेरीज किंवा एक गुणाकार म्हणजे एक हिशेब. सेकंदाला असे किती हिशेब होतात, ते मोजायचं माप म्हणजे फ्लॉप. मेगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख हिशेब, गिगाफ्लॉप म्हणजे अब्ज, टेराफ्लॉप म्हणजे लाख कोटी. त्यापुढे आपल्याला जुनी उजळणी काढावी लागते: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक अंत्य हिशेब. ‘अर्का’ साधारण पावणेबारा अंत्यांवर आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या ‘फ्रंटियर’ने २०२२ मध्ये एक एक्झाफ्लॉप ओलांडला. एक्झाफ्लॉप म्हणजे दहा परार्ध. आजीची उजळणी परार्धाला संपत होती, यंत्र तिच्याही पुढे गेलं.

एकच दांडगी चिप का चालत नाही?

पूर्वी चालायची. १९७६ मध्ये अमेरिकेत सेमूर क्रे यांचा ‘क्रे-१’ हा महासंगणक आला. पाच टनांचं धूड, वेग १६० मेगाफ्लॉप. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा आकार. तो शोभेसाठी नव्हता. विजेचा संदेश तारेतून जायला वेळ लागतो, म्हणून तारा आखूड हव्यात, आणि गोलाकार मांडणीत त्या आखूड राहतात. त्या यंत्रात चार फुटांपेक्षा लांब तार नव्हती. भोवती गादीचा बाक होता, खाली वीजपुरवठ्याची पेटी. जगातला सगळ्यात महागडा सोफा म्हणून लोक त्याची थट्टा करत.

तारेचं हे दुखणं अजून गेलेलं नाही. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. आजच्या चिपचा ठोका सेकंदाला तीन अब्ज वेळा पडतो, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये प्रकाशसुद्धा वीतभर जात नाही. शिवाय ठोका जलद केला की चिप तापते. २००५ च्या आसपास चिप बनवणाऱ्यांनी या उष्णतेपुढे हात टेकले, आणि तेव्हापासून ठोका तीन ते सहा गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला तीन ते सहा अब्ज ठोक्यांच्या) घरातच आहे. जाहिरातीत ‘क्वाड कोअर’, ‘ऑक्टा कोअर’ हे शब्द त्यानंतरच दिसायला लागले. एक डोकं जास्त जलद चालेना, म्हणून एका चिपवर चार-आठ डोकी बसवली.

अनेक डोक्यांना एकच काम वाटून देणं म्हणजे समांतर संगणन. क्रे यांना ही कल्पना पटत नव्हती. त्यांच्या नावावर एक वाक्य सांगतात: शेत नांगरायचं असेल तर तुम्ही दोन दमदार बैल घ्याल की १०२४ कोंबड्या? आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने बैलच म्हटलं असतं. पण कोंबड्या जिंकल्या. कशा, ते स्वयंपाकघरात समजतं.

पुरणपोळीचा हिशेब

घरात सण आहे. डाळ शिजवून पुरण वाटायला एक तास आणि सगळ्या पोळ्या लाटून भाजायला एकट्या बाईला नऊ तास, असं धरू. एकूण दहा. मदतीला माणसं आली. नऊ जणी लाटायला बसल्या तर पोळ्या तासाभरात होतात, एकूण दोन तास. नव्वद जणी बसल्या तर पोळ्यांना सहा मिनिटं, एकूण एक तास सहा मिनिटं. नऊशे जणी बसल्या तर एक तास आणि ३६ सेकंद. पुढे अख्खा तालुका बोलावला तरी तासाच्या खाली येता येत नाही, कारण पुरण शिजल्याशिवाय कुणालाच हात लावता येत नाही. माणसं नऊशे, वेग जेमतेम दहापट.

संगणक अभियंता जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना धरून ठेवतो. पुढची वीस वर्षं समांतर यंत्रांना नावं ठेवणाऱ्यांच्या हातात हे आयतं हत्यार होतं.

उत्तर आलं अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतून. जॉन गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १०२४ प्रोसेसरांच्या (म्हणजे हिशेब करणाऱ्या डोक्यांच्या) यंत्रावर हजारपटींहून जास्त वेग दाखवला. (कोंबड्यांचा आकडाही हाच, हे विशेष.) त्यांचं म्हणणं साधं होतं. नऊशे जणी हाताशी असताना घरापुरत्याच पोळ्या कोण करतं? तेव्हा गावजेवण घालतात. हंडा मोठा आणला की पुरण शिजायला लागतो तेवढाच वेळ लागतो, वाढतं ते लाटणं, आणि ते तर वाटता येतं. विज्ञानातले प्रश्न बहुधा गावजेवणाचेच असतात. हवामानवाल्याला तेच उत्तर लवकर नको असतं, तेवढ्याच वेळात बारीक चौकोनांचं उत्तर हवं असतं.

१९९३ मध्ये क्रे यांनी स्थापलेल्या कंपनीनेच शेकडो प्रोसेसरांचं यंत्र बाजारात आणलं. तोवर क्रे स्वतः ती कंपनी सोडून गेले होते.

बांधावरचं बोलणं

आता या विषयातली खरी मेख. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना एकमेकींशी बोलावं लागत नाही (बोलतात, ते वेगळं). हवामानाचं तसं नाही.

शिवारातली शंभर शेतं शंभर जणांना वाटून दिली आहेत असं समजा. पुढच्या पाच मिनिटांत आपल्या शेतात किती पाणी असेल, ते प्रत्येकाने सांगायचं. स्वतःच्या शेताच्या मधल्या भागाचा हिशेब त्याला एकट्याला जमतो. पण बांधावर अडतं. शेजारच्या शेतातून किती पाणी येतंय, हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. शेजाऱ्यालाही याची माहिती हवी. म्हणजे दर पाच मिनिटांच्या हिशेबानंतर सगळ्यांनी बांधावर यायचं, आकड्यांची देवाणघेवाण करायची, मग पुढची पाच मिनिटं. एक जण जरी उशिरा आला तरी त्याचे शेजारी खोळंबतात, मग शेजाऱ्यांचे शेजारी.

शेत मोठं असेल तर आत राबण्यात वेळ जातो आणि बांधावर थोडा. जास्त माणसं लावायची म्हणून शेताचे तुकडे करत गेलात तर उलटं होतं. तुकडा गुंठाभर उरला की माणूस बांधावरच उभा. प्रोसेसर हजारो घेता येतात, ते बाजारात मिळतात. महासंगणक चांगला की वाईट, हे बांधावरच्या बोलण्यावर ठरतं. माझ्या मते या यंत्रांबद्दल लक्षात ठेवायची हीच एक गोष्ट आहे, आणि पेटाफ्लॉपच्या आकड्यात ती दिसत नाही.

हे चित्र संगणकाच्याही आधीचं आहे. पहिल्या महायुद्धात जखमींच्या गाडीवर काम करणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने सहा तासांच्या हवामानाचा हिशेब हाताने केला. उत्तर साफ चुकलं. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल असं निघालं, जे पृथ्वीवर होत नाही. तरी १९२२ मध्ये त्याने पुस्तकात एक नाट्यगृह रंगवलं: आतल्या भिंतींवर जगाचा नकाशा, त्यावर बसलेली ६४,००० माणसं, प्रत्येकाकडे आपल्या तुकड्याचा हिशेब, शेजाऱ्याला दिसतील अशा पाट्या. मधल्या उंच खांबावर एक सूत्रधार. जे पुढे पळतात त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार, मागे पडलेल्यांवर निळा. ढोल-ताशा पथकात पुढे उभा राहून ठोका सांभाळणाऱ्याचंच हे काम. समांतर महासंगणकाचा पहिला आराखडा म्हणून आजही याच नाट्यगृहाकडे बोट दाखवतात.

दोन बैल मागितले, एक मिळाला

आपल्याकडे ही गोष्ट बहुधा अशी सांगतात: अमेरिकेने महासंगणक नाकारला, आपण ईर्ष्येने स्वतःचा बनवला. यात तथ्य आहे, पण मधली एक पायरी गाळलेली असते. मान्सूनच्या अंदाजासाठी भारताने ‘क्रे एक्स-एमपी/२४’ मागितला होता. त्या क्रमांकातला पहिला आकडा प्रोसेसरांची संख्या सांगतो. बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळाला तो ‘एक्स-एमपी/१४’, म्हणजे एकाच प्रोसेसरचा, आणि हवामानाशिवाय दुसऱ्या कामाला जुंपायचा नाही या अटीवर. क्रे यांच्याच भाषेत, दोन बैल मागितले आणि एक मिळाला.

मग कोंबड्या गोळा केल्या. १९८८ मध्ये पुण्यात महासंगणक बनवण्यासाठी सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. मुदत तीन वर्षं. एकच प्रचंड चिप घडवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’ नावाची लहान चिप तेव्हा मिळत होती. तिची खासियत म्हणजे शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे चिपमध्येच दिलेले होते. चार बाजू, चार बांध.

त्यातून ‘परम ८०००’ उभा राहिला. १९९० मध्ये झुरिकच्या प्रदर्शनात नमुना दाखवला आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ६४ नोडांचं यंत्र तयार झालं. (नोड म्हणजे स्वतःची मेमरी असलेला एक स्वतंत्र कामगार.) पुढे एक यंत्र मॉस्कोलाही गेलं. २५६ नोडांच्या यंत्राचा कागदावरचा वेग एक गिगाफ्लॉप होता, प्रत्यक्ष कामात मिळायचा १०० ते २०० मेगाफ्लॉप. कुणी याला अपयश म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण मोठमोठ्या यंत्रांनाही खऱ्या कामात कागदावरच्या वेगाचा लहानसा हिस्साच हाती लागतो. बाकीचा वेळ कुठे जातो? बांधावर.

‘परम’ पूर्ण स्वदेशी होता, असंही म्हणतात. चिप परदेशीच होत्या. त्या जोडायच्या कशा आणि त्यांच्यात काम वाटणारी प्रणाली कशी लिहायची, ही अक्कल मात्र पुण्याची होती. अवघड तीच होती, म्हणून मला हा आक्षेप फारसा बोचत नाही. याच शहरात २००७ मध्ये टाटांच्या सीआरएल या कंपनीत ‘एका’ उभा राहिला आणि त्या नोव्हेंबरच्या, सगळ्यात वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आला. त्याचेही सुटे भाग बाहेरचे होते.

मग हजार लॅपटॉप वायफायने जोडले तर?

काही कामांना चालेल. १९९४ मध्ये नासाच्या दोघा संशोधकांनी, थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी, तेव्हाच्या ४८६ चिपचे १६ साधे संगणक जोडून ‘बेवुल्फ’ तयार केला. महासंगणक गरिबाच्या आवाक्यात आला तो तिथून. आज जगातले बहुतेक महासंगणक त्याच घराण्यातले आहेत. फरक मधल्या जाळ्याचा. वायफायवरून निरोप जायला काही हजारांश सेकंद लागतात, महासंगणकाच्या जाळ्यात एक-दोन दशलक्षांश. पाच मिनिटांच्या हिशेबाला क्षणभर लागणार आणि बांधापर्यंत चालत जायला तासभर, अशी गत लॅपटॉपच्या कळपाची होते.

पण सगळीच कामं बांधावरची नसतात. बोर्डाच्या उत्तरपत्रिका बघा. हजारो परीक्षक आपापल्या घरी बसून तपासतात, एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दोन तबकड्यांनी टिपलेले संकेत जुळवून पाहायचे, अशा जोड्या होतात ४३५. आकाशातून अचानक येणारे रेडिओ लहरींचे क्षणिक स्फोट शोधायचे असतील तर आणखी पेच असतो. अवकाशातल्या वायूमुळे खालच्या वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. किती मागे पडल्या, हे आधी माहीत नसतं. मग हजारो अंदाज धरून तेच निरीक्षण हजारदा तपासायचं. प्रत्येक तपासणी स्वतंत्र, उत्तरपत्रिकेसारखी. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी पुण्यातलं यंत्र याच कामासाठी दिलं आहे.

काळ मात्र वाटता येत नाही

याच्या दुसऱ्या टोकाला रेणूंचा अभ्यास. औषध एखाद्या प्रथिनाला कसं चिकटतं, हे पाहायला एकेका अणूची हालचाल काढावी लागते. २०१३ मध्ये एचआयव्ही विषाणूच्या कवचाची रचना अशी काढली तेव्हा हिशेबात सुमारे साडेसहा कोटी अणू होते. जागा वाटता येते: हे अणू तुझे, ते माझे. पण काळाची उडी असते एक फेम्टोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या एक अंत्याव्या भागाची, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची हालचाल पाहायची तर अशा अब्ज उड्या एकामागून एक घ्याव्या लागतात. दुसरी उडी पहिलीच्या आधी घेता येत नाही. हे पुरण कितीही माणसं आली तरी आपल्याच वेळाने शिजतं.

अणुबाँबचंही याच जातीचं गणित. १९९२ नंतर अमेरिकेने चाचणीस्फोट थांबवले आणि जुन्या अण्वस्त्रांची तब्येत संगणकात तपासायला घेतली. ‘एल कॅपिटन’ हा २०२४ मध्ये १.७४ एक्झाफ्लॉप गाठलेला तिथला महासंगणक मुख्यतः त्यासाठी आहे. त्याला सुमारे ३० मेगावॅट वीज लागते, म्हणजे दीड टनाचे वीसेक हजार एसी एकदम चालू. यातली बरीचशी वीज आकडे इकडून तिकडे पोचवण्यात जाते. गुणाकार स्वस्त, वाहतूक महाग.

एवढं करून अंदाज चुकतोच ना?

चुकतो. पण कशाने, ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाट उतरून वाईला या, तो हजाराच्याही आत. १२ किलोमीटरच्या चौकोनात सह्याद्रीची धार चेपून पसरट होते. ६ किलोमीटरला ती जरा वर येते, म्हणून घाटमाथ्याचा पाऊस सुधारायला जागा आहे. पण गडगडाटी ढग दोन-पाच किलोमीटरचा असू शकतो. तो ६ किलोमीटरच्या जाळ्यातून निसटतो, त्याचा हिशेब अंदाजाने धरावा लागतो. ढगफुटी हुकते ती बहुतेक इथेच.

दुसरं कारण यंत्राच्या हातातलं नाही. सुरुवातीच्या आकड्यात किंचित चूक असली तर काही दिवसांत ती फुगते. म्हणून तोच अंदाज थोडे वेगळे आकडे घेऊन अनेकदा काढतात. आयआयटीएममध्ये २०१८ पासून एकवीस वेळा. एकवीसपैकी अठरा वेळा पाऊस दिसला तर बातमीत ‘शक्यता जास्त’ असं येतं. त्या मोघम वाटणाऱ्या शब्दांमागे एवढं काम असतं.

आता एआय आलंय, मग हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. गुगलच्या ‘ग्राफकास्ट’ने २०२३ मध्ये दहा दिवसांचा अंदाज एका यंत्रावर मिनिटभराच्या आत काढून दाखवला, आणि तो चांगला होता. पण ते शिकलं कुठून? गेल्या काही दशकांच्या जागतिक हवामानाच्या नोंदींवरून, ज्या युरोपीय हवामान केंद्राने महासंगणकावर जुनंच गणित चालवून सलग आणि एकसारख्या करून ठेवल्या होत्या. एआयला शिकवण्याचं कामही अनेक चिपवर वाटूनच होतं, आणि तिथेही दर पावलाला सगळ्यांना आकडे जुळवावे लागतात. बांध सुटत नाही.

पुढचा चौकोन ३ किलोमीटरचा

ढग पकडायचे तर तिथे जायलाच हवं. आयआयटीएमच्या ‘प्रत्यूष’ या जुन्या महासंगणकावर जे काम व्हायला दहा तासांपर्यंत लागायचे, ते ‘अर्का’ साधारण चार तासांत करतो. ६ चे ३ केले की आठपट काम, म्हणजे बत्तीस तास. आजच्या सकाळी बसवलेला उद्याचा अंदाज उद्या दुपारी हातात पडेल, पाऊस पडत असताना. त्यामुळे एकतर आठपट मोठं यंत्र, नाहीतर तीस-चाळीस वर्षांत थरावर थर चढलेल्या हवामानाच्या प्रोग्रॅमची अशी फेरमांडणी, की प्रत्येक चिप बांधावर कमी आणि शेतात जास्त वेळ राहील.